बेविन बॉईजचे स्मारक आणि बिल्ला : एका विलंबित सेवेचे परीक्षण

सरकारने आपल्या नागरिकांच्या कष्टांची दिलेली पोचपावती हीसुद्धा एक सेवाच असते. सेवा म्हटली की ती कोणाला मिळाली, किती काळाने मिळाली, मिळवण्यासाठी किती खटपट करावी लागली आणि शेवटी हातात पडलेली वस्तू कशी आहे, हे प्रश्न विचारणे गैर ठरू नये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने सुमारे ४८,००० तरुणांना रणांगणाऐवजी कोळशाच्या खाणींत उतरवले. त्यांतील काही सोडतीत सापडले होते, तर काहींनी सैन्याऐवजी खाण स्वतः निवडली होती. तत्कालीन कामगारमंत्री अर्नेस्ट बेविन यांच्या नावावरून या सर्वांना ‘बेविन बॉईज’ म्हणतात. त्यांच्या कामाची जी दखल पुढे घेतली गेली, तिची हाताने स्पर्श करता येतील अशी रूपे मुख्यतः दोन : २००८ पासून दिला गेलेला बिल्ला आणि २०१३ मध्ये स्टॅफर्डशायरमधील राष्ट्रीय स्मृतिवनात उभे राहिलेले स्मारक. या लेखात त्या दोहोंचे परीक्षण आहे. स्मारक विचारपूर्वक केलेले आहे आणि मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे असे आहे. बिल्ल्याची योजना मात्र अर्धीच उतरली आहे, आणि त्याचे कारण केवळ उशीर हे नाही. तिच्या अटींतच ते दडलेले आहे.

आपल्याकडील वाचकांना बेविन हे नाव बहुधा ॲटली मंत्रिमंडळातील परराष्ट्रमंत्री म्हणून ठाऊक असते. त्याआधी, १९४० पासून युद्ध संपेपर्यंत, ते चर्चिल यांच्या संयुक्त सरकारात कामगार आणि राष्ट्रसेवा खाते सांभाळत होते, आणि त्याही आधी वाहतूक कामगारांच्या बलाढ्य संघटनेचे सरचिटणीस होते. अशा माणसावर सक्तीने खाणमजूर भरती करण्याची वेळ यावी, हा काळाचा विनोदच म्हणावा लागेल. युद्धाच्या सुरुवातीला सरकारने खाणकामगारांना सैन्यात जाऊ दिले. जे उरले त्यांपैकी पुष्कळजण अधिक पगार देणाऱ्या युद्धसामग्रीच्या कारखान्यांकडे वळले. १९४३ च्या मध्यापर्यंत ३६,००० हून अधिक माणसे खाणी सोडून गेली होती. विजेची केंद्रे, रेल्वे, गॅस, पोलादाच्या भट्ट्या यांतले काहीच कोळशावाचून चालत नव्हते. सरकारने आधी स्वेच्छेने येण्याचे आवाहन केले. त्याला मिळालेला प्रतिसाद गरजेच्या मानाने अगदीच तोकडा होता. अखेर २ डिसेंबर १९४३ रोजी बेविन यांनी संसदेत सोडतीची योजना जाहीर केली आणि त्याच महिन्याच्या १४ तारखेला पहिली सोडत निघाली.

सोडतीची पद्धत इतकी साधी होती की तिच्या साधेपणाचीच धास्ती वाटते. शून्य ते नऊ हे अंक लिहिलेल्या चिठ्ठ्या हॅटमध्ये टाकायच्या, मंत्र्यांच्या कार्यालयातील कोणीतरी एक चिठ्ठी उचलायची, आणि सैन्यभरतीच्या वयात आलेल्या ज्या तरुणांच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा अंक तोच असेल त्यांनी खाणीत जायचे. विमानदल किंवा पाणबुडीच्या चमूसाठी निवड झालेले, विशिष्ट कुशल कामांच्या यादीत असलेले आणि प्रकृतीने अपात्र ठरलेले एवढेच यातून सुटत. बाकी घरची श्रीमंती, शिक्षण, शाळेतील कॅडेट दलात घालवलेली वर्षे यांतले काहीही कामी येत नसे. नौदलाचा गणवेश घालण्याची स्वप्ने पाहणाऱ्या, कोळसा फक्त घरातल्या शेगडीत पाहिलेल्या शहरी मुलाला एका अंकामुळे जमिनीखाली जावे लागे. अनेकांनी अपिले केली, ती बहुतेक फेटाळली गेली. नकार देणाऱ्यांना दंड झाला आणि काहींना तुरुंगात जावे लागले. १९४४ च्या वसंतात टाइन आणि क्लाइड नद्यांकाठच्या जहाजबांधणी आणि अभियांत्रिकी कारखान्यांतील शिकाऊ कामगारांनी या सोडतीविरुद्ध संपही केला.

या मुलांना निरनिराळ्या कोळसाक्षेत्रांतील प्रशिक्षण खाणींत पाठवले जाई. वेल्समधील ओकडेल, स्कॉटलंडमधील मुइरकॉकहॉल, केंटमधील बेट्सहँगर ही त्यांतली काही नावे. काही आठवड्यांचे व्यायाम, व्याख्याने आणि जमिनीखालची तोंडओळख उरकली की प्रत्यक्ष खाण. राहायला बहुधा अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांचे वसतिगृह, आणि त्याचे भाडे पगारातून कापले जाई. सरकारकडून मिळे ते हेल्मेट आणि पुढे पोलादी टोपण असलेले बूट. गणवेश नाही. पुढच्या सगळ्या दुखण्याचे मूळ या एका गोष्टीत आहे असे माझे मत आहे. अठरा-वीस वर्षांचा धडधाकट मुलगा साध्या कपड्यांत रस्त्यावर दिसला की लोक त्याला भरती चुकवणारा समजत, पोलीस पळून आलेला शिपाई समजून हटकत, आणि ज्यांचे मुलगे आघाडीवर होते अशा शेजाऱ्यांची नजर तर शब्दांवाचूनच बोलत असे. खुद्द खाणींच्या गावांतही सगळीकडे स्वागत झाले असे नाही. आमच्या मुलाला सैन्यात नेले आणि त्याच्या जागी हा कोण आणून बसवला, हा प्रश्न तिथे साहजिक होता.

खाणीतले काम म्हणजे प्रत्येकाने कुदळ घेऊन कोळसा फोडला असेही नाही. प्रत्यक्ष कोळसा काढण्याच्या जागी फार थोडे बेविन बॉईज पोहोचले. बहुतेकांच्या वाट्याला डबे ओढणाऱ्या दोरखंडांची व्यवस्था पाहणे, सरकत्या पट्ट्यांवर लक्ष ठेवणे, रूळ साफ ठेवणे, खाणीतली तट्टे हाकणे अशी कामे आली. ऐकायला ही हलकी वाटतात, पण सुटलेला डबा आणि निसटलेले छत हे खाणीत आलेला माणूस स्वतःहून आला की सोडतीने आला असा भेद करत नाहीत. काहीजण तिथेच मेले, अनेक जायबंदी झाले. यांच्यातून पुढे नावारूपाला आलेले लोक कमी नाहीत : विनोदी नट एरिक मोरकॅम, ज्यांना हृदयाच्या दुखण्यामुळे ॲक्रिंग्टनच्या खाणीतून वर्षाच्या आतच घरी पाठवावे लागले, बोल्टनचे फुटबॉलपटू नॅट लॉफ्टहाउस, नाटककार पीटर शॅफर, प्रकाशक पॉल हॅम्लिन. परंतु या नावांनी उरलेल्या हजारोंच्या वाट्याचे काही बदलले नाही.

युद्ध १९४५ मध्ये संपले, सोडतीही थांबल्या. शेवटचे बेविन बॉईज मात्र १९४८ मध्ये सुटले. सैन्यातून सुटणाऱ्या शिपायाला कपड्यांचा नवा जोड मिळे, पदके मिळत, जुन्या नोकरीवर परत घेण्याचा कायदेशीर हक्क मिळे. यांना यांतले काहीच मिळाले नाही. कारण शोधू गेले तर ते दुष्टाव्यात सापडत नाही, खात्यांच्या फटीत सापडते. बोलावणे कामगार खात्याचे, खाणींवर नियंत्रण इंधन खात्याचे, मालकी खासगी कंपन्यांची, आणि १ जानेवारी १९४७ पासून त्या खाणी राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या. सैन्याने त्यांना कधीच आपले मानले नव्हते, त्यामुळे युद्धोत्तर सन्मानांच्या कोणत्याही यादीत त्यांचा रकानाच नव्हता. हे आमचे नव्हेत, असे प्रत्येक कार्यालय पूर्ण प्रामाणिकपणे म्हणू शकत होते.

ही पार्श्वभूमी इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की ती माहीत नसताना स्टॅफर्डशायरमधल्या स्मारकाच्या चार शिळांसमोर उभे राहिले तर तिथे फारसे काही दिसत नाही. राष्ट्रीय स्मृतिवन हे लिचफील्डजवळच्या ॲलरवस गावाबाहेर सुमारे १५० एकरांवर पसरले आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी लिचफील्ड ट्रेंट व्हॅली स्थानकावर उतरून पुढे टॅक्सी करावी. स्वतःची गाडी असेल तर ए-३८ महामार्गावरून ते अगदी सोयीचे आहे. प्रवेशाला शुल्क नाही, गाडी लावण्याला आहे. ही जागा मुळात वाळू-खडीच्या खाणींनी उकरलेली होती. ती भरून, झाडे लावून २००१ मध्ये लोकांसाठी खुली केली गेली. सुमारे ४०० स्मारके आणि त्यांच्या अधेमधे हजारो झाडे अशी तिची रचना आहे. कोणते झाड कुठे लावायचे यामागेही विचार आहे : पोलिसांच्या स्मरणार्थ केलेला रस्ता चेस्टनटच्या झाडांचा आहे, कारण एके काळी पोलिसांचे दंडुके त्याच लाकडाचे करत. घाईत फिरायचे असेल तर छोटी गाडी आहे, परंतु तिच्यातून हे स्मारक डोळ्यांसमोरून निघून जाईल. स्वागतकक्षातून नकाशा घ्यावा, त्यावर बेविन बॉईजची जागा आधी नक्की करावी आणि चालत जावे.

स्मारकाची कल्पना हॅरी पार्क्स यांची, जे स्वतः बेविन बॉय होते. ७ मे २०१३ रोजी वेसेक्सच्या काउंटेस सोफी यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. आयर्लंडमधील किल्केनीच्या करड्या दगडाचे चार चौथरे, एवढेच त्याचे स्वरूप. मूर्ती नाही, हेल्मेट घातलेला ओतीव मुलगा नाही, हातातली कुदळ नाही. युद्धस्मारकांना सवयीने येणारा आवेश इथे अजिबात नाही, आणि ही मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. हा दगड निवडण्यामागे असा हेतू होता की काळाबरोबर तो गडद होत जाईल आणि शेवटी कोळशासारखा काळा दिसेल. मी गेलो तेव्हा सकाळी पाऊस पडून गेला होता. वाऱ्याच्या बाजूचे दगडाचे अंग ओलसर आणि जवळजवळ काळे दिसत होते, तर आडोशाची बाजू सुकून फिकट राखाडी झाली होती. त्यामुळे एकाच शिळेवर तिचे आजचे आणि उद्याचे रूप शेजारी शेजारी पाहायला मिळाले. किल्केनीच्या दगडात प्राचीन सागरी जीवांचे पांढुरके अवशेष असतात. वाकून पाहिले तर त्या बारीक ठिपक्यांत आणि वळणांत नजर अडकते. हा चुनखडक कार्बोनिफेरस कालखंडातला आहे, म्हणजे ज्या कालखंडाच्या पुढच्या टप्प्यात ब्रिटनचा दगडी कोळसा तयार झाला त्याच कालखंडातला. ही जोड मुद्दाम साधली की आपोआप जमून आली ते काहीही असो, खाणीत राबलेल्यांच्या स्मारकाला याहून योग्य दगड सापडला नसता.

या चौथऱ्यांवर ४८,००० नावे नाहीत. त्याच स्मृतिवनात मधोमध टेकाडावर उभ्या असलेल्या सशस्त्र दलांच्या स्मारकावर, दुसऱ्या महायुद्धानंतर कर्तव्यावर असताना मृत्यू पावलेल्या १६,००० हून अधिक स्त्री-पुरुषांची नावे एकेक करून कोरली आहेत, आणि पुढे येणाऱ्या नावांसाठी कोरी भिंतही राखून ठेवली आहे. ते पाहून बेविन बॉईजच्या शिळांकडे यावे, म्हणजे नावे असणे आणि नसणे यांतला फरक अंगावर येतो. हा शिल्पकाराचा दोष मुळीच नाही. नावे कोरायची तर ती कुठून तरी मिळायला हवीत, आणि इथूनच आपण बिल्ल्याच्या प्रश्नाकडे येतो.

दखल घेण्याचा क्रम असा आहे. १९८९ मध्ये काही जुन्या सहकाऱ्यांनी मिळून बेविन बॉईज असोसिएशन स्थापन केली. ही संघटना नसती तर पुढचे काहीही घडले नसते, आणि ती स्थापन व्हायला युद्ध संपून चव्वेचाळीस वर्षे जावी लागली, कारण तोवर हे लोक आपल्या कामाबद्दल फारसे बोलतच नव्हते. १९९५ मध्ये, युरोपातील विजयाच्या पन्नासाव्या वर्षी, राणी एलिझाबेथ यांनी आपल्या भाषणात त्यांचा उल्लेख केला. १९९८ पासून लंडनच्या सेनोटाफ या युद्धस्मारकापाशी नोव्हेंबरात होणाऱ्या स्मृतिदिनाच्या संचलनात त्यांना चालता येऊ लागले. २० जून २००७ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी संसदेत बिल्ल्याची घोषणा केली आणि २५ मार्च २००८ रोजी त्यांचे उत्तराधिकारी गॉर्डन ब्राउन यांनी डाउनिंग स्ट्रीटवरील आपल्या निवासस्थानी पहिले बिल्ले प्रदान केले. पहिल्या सोडतीत अठराव्या वर्षी सापडलेला मुलगा त्या दिवशी ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांचा होता. वरातीमागून घोडे, ही आपली म्हण इथे सौम्य वाटावी.

वस्तू म्हणून पाहिले तर हा कोटाच्या कॉलरला टोचायचा छोटा बिल्ला आहे. ते पदक नव्हे. सैनिकांच्या पदकांच्या रांगेत त्याला स्थान नाही, त्याबरोबर निवृत्तिवेतन किंवा इतर कोणताही आर्थिक लाभ येत नाही. ही टीका म्हणून मी लिहीत नाही. गणवेश नसल्यामुळे ज्या माणसाला रस्त्यात अडवले गेले, त्याला साध्या कोटावर लावता येईल आणि पाहणाऱ्याला काहीतरी सांगेल अशी खूण देणे, ही कल्पना मुळात योग्य आहे. ती १९४४ मध्येच कोणाला सुचली असती तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता, आणि खर्च तेव्हाही नगण्यच झाला असता.

खरी अडचण बिल्ला मिळवण्याच्या पद्धतीत आहे. तो आपणहून घरी येत नसे. त्यासाठी अर्ज करावा लागे. सोडतीने गेलेले, सैन्याऐवजी खाण निवडलेले आणि सैन्यातून स्वेच्छेने खाणीत आलेले असे सर्व त्याला पात्र होते, हे उदार धोरण म्हणावे लागेल. परंतु अर्जदार खरोखरच बेविन बॉय होता हे ठरवायचे कशावरून? या लोकांचे अधिकृत अभिलेख १९५० च्या दशकातच नष्ट करण्यात आले होते. म्हणजे ज्याने बोलावणे धाडले, ज्याने नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून माणूस हुडकून काढला, त्या शासनाकडे साठ वर्षांनी त्याच माणसाला ओळखण्याचे साधन उरले नव्हते. आणि नव्वदीकडे झुकलेल्या म्हाताऱ्याच्या ट्रंकेत पिवळे पडलेले बोलावण्याचे पत्र किंवा खाणीतले एखादे कार्ड शिल्लक असेल तर ते, नसेल तर त्याचा शब्द. कोळसा उगाळावा तितका काळाच, या न्यायाने या प्रकरणात जितके खोल जावे तितकी अनास्था अधिक दिसते. ज्या मुलाने १९४८ मध्ये खाणीतून सुटताच तो सगळा अध्याय विसरायचा ठरवला आणि कागद फाडून टाकले, तो या सेवेचा सर्वांत खरा हक्कदार होता, आणि नेमका त्यालाच हक्क सिद्ध करणे सर्वांत कठीण होते.

दुसरी अट मरणाच्या तारखेची. बिल्ला हयात बेविन बॉईजसाठी होता. जे वारले त्यांच्या विधवांना तो मागता येत होता, पण पती २० जून २००७ रोजी किंवा त्यानंतर वारला असेल तरच. घोषणेच्या आदल्या दिवशी मृत्यू पावलेल्या माणसाच्या पत्नीला काही नाही, दुसऱ्या दिवशीच्या विधवेला बिल्ला. अशा योजनांना कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे प्रशासनाचे म्हणणे समजू शकते. अर्जांची संख्या आटोक्यात ठेवणे, पुराव्यांची पडताळणी करणे, दूरच्या नातेवाइकांचे दावे टाळणे, ही कारणे खोटी नाहीत. परंतु रेघ जिथे ओढली तिथे ती माणसाने खाणीत किती काळ काढला यावर अवलंबून नाही. आपण किती उशिरा जागे झालो यावर अवलंबून आहे. उशीर सरकारने केला आणि त्याची किंमत लवकर मेलेल्यांनी मोजली.

मरणोत्तर सन्मान ब्रिटिश व्यवस्थेत बसतच नाही, असा युक्तिवाद कोणी करील तर त्याचे उत्तर त्याच स्मृतिवनात, पूर्वेच्या टोकाला उभे आहे. पहिल्या महायुद्धात भ्याडपणा किंवा पलायनाच्या आरोपाखाली स्वतःच्याच सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातील शिपायांचे ते स्मारक. डोळ्यांवर पट्टी बांधलेला, हात मागे जखडलेला एक तरुण शिपाई आणि त्याच्या मागे अर्धवर्तुळात रोवलेले लाकडी खुंट, प्रत्येकावर एकेक नाव. पहाटेचा उजेड आधी तिथे पडावा म्हणून ती जागा निवडली आहे, कारण गोळ्या पहाटे घालत असत. या शिपायांना २००६ च्या कायद्याने माफी दिली गेली, तेव्हा त्यांना मरून जवळजवळ नव्वद वर्षे होऊन गेली होती आणि अर्ज करायला त्यांच्यातला कोणी येणार नव्हता. तिथे नावे होती, कारण लष्करी न्यायालयांचे कागद जपून ठेवले होते. ज्यांना शासनाने ठार मारले त्यांच्या नोंदी सापडतात आणि ज्यांना शासनाने कामाला जुंपले त्यांच्या सापडत नाहीत, हे या दोन स्मारकांमधले अंतर चालताना मनातून जात नाही.

न्याय म्हणून हेही नमूद केले पाहिजे की या रांगेत बेविन बॉईज एकटे नव्हते. युद्धकाळात शेतांवर आणि जंगलांत राबलेल्या स्त्रियांच्या भूमिसेनेलाही असाच बिल्ला २००८ मध्येच मिळाला आणि याच वनात त्यांचे स्मारक २०१४ मध्ये उभे राहिले. म्हणजे गणवेशाबाहेरच्या सेवेकडे साधारण साठ वर्षे काणाडोळा करायचा, ही एका खात्याची चूक नव्हती. ती रीतच होती.

ज्यांना हे सगळे समजून घ्यायचे आहे त्यांनी स्मृतिवनाच्या आधी, शक्य असल्यास वेगळ्या दिवशी, वेकफील्डजवळच्या कॅपहाउस येथील राष्ट्रीय कोळसाखाण संग्रहालय पाहावे असे मी सुचवीन. तिथे जुन्या खाणीत सुमारे १४० मीटर खाली नेतात, आणि माहिती सांगणारे स्वतः खाणीत काम केलेले लोक असतात. उतरण्याआधी मोबाइल, बॅटरीवर चालणारे घड्याळ, काडेपेटी असे ठिणगी पडू शकेल असे सर्वकाही वर जमा करून घेतात. हेल्मेट आणि दिवा देतात. पाळणा खाली जाऊ लागला की कानांत दडे बसतात, गार हवेचा झोत पायांकडून वर येतो आणि गप्पा आपोआप थांबतात. खाली एका ठिकाणी सगळ्यांना दिवे मालवायला सांगतात. आपण शहरात ज्याला काळोख म्हणतो त्यात कुठे ना कुठे उजेड असतोच, तसा तिथे अजिबात नसतो. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. तिथे उभे राहून आपल्याला इथे चिठ्ठी काढून पाठवले आहे आणि उद्याही यायचे आहे, अशी कल्पना करून पाहावी. मग चार करड्या शिळा फार वेगळ्या दिसतात. लहान मुलांना आणि बंद जागेची भीती असलेल्यांना घेऊन जाण्यापूर्वी मात्र चौकशी करावी.

गुणच द्यायचे झाले तर स्मारकाला पाचांपैकी चार देईन. एक गुण राखून ठेवतो, तो नावांसाठी. कोरण्याइतकी सगळी नावे मिळणार नसली तरी कुटुंबीयांनी स्वतः आणून दिलेली नावे नोंदवणारी वही किंवा पडदा त्या शिळांजवळ असता, तर पाहणाऱ्याला निदान काही माणसे भेटली असती. बिल्ल्याच्या योजनेला दोन. कल्पना चांगली, पात्रतेची व्याख्या मोकळी, परंतु पुराव्याचे ओझे चुकीच्या खांद्यावर आणि तारखेची अट असमर्थनीय. सोडतीत सापडलेल्यांपैकी सर्वांत धाकटे आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यामुळे हयात माणसांसाठीची ही योजना लवकरच आपोआप संपेल. २००७ पूर्वी वारलेल्यांच्या मुलांना किंवा नातवंडांना, घरात जपलेल्या एखाद्या पत्रावर, छायाचित्रावर किंवा खाणीच्या कार्डावर विसंबून, आजोबांच्या नावाचा बिल्ला देता येणे अवघड नाही. त्यासाठी २००६ सारखा नवा कायदाही लागणार नाही; तारखेची अट प्रशासकीय निर्णयाने आली आहे आणि तशाच एका निर्णयाने ती काढता येईल.